सोनेरी ग्रामोफोन परत जाण्याआधीचे पंचवीस हजार तास

१९ नोव्हेंबर १९९०, सोमवार. अमेरिकेच्या रेकॉर्डिंग ॲकॅडमीने त्या दिवशी आपणच दिलेला ग्रॅमी पुरस्कार काढून घेतला. दिलेला ग्रॅमी असा परत घेतला गेला तो तेवढ्या एकाच वेळी. पुरस्कार होता ‘सर्वोत्तम नवा कलाकार’ आणि तो मिळाला होता ‘मिली व्हॅनिली’ या जोडीला, म्हणजे रॉब पिलाटस आणि फॅब मॉर्व्हन यांना. ज्या अल्बमने त्यांना ग्रॅमीपर्यंत नेलं, त्यात दोघांचा आवाजच नव्हता.

इतकी वर्षं झाली तरी हे प्रकरण विनोद म्हणून सांगितलं जातं. ओठ हलवणारे दोन देखणे तरुण, अडकलेली टेप, खो खो हसणारी दुनिया. मला त्यात हसण्यासारखं काही दिसत नाही. पाच जणांच्या गळ्यातून निघालेलं गाणं दोघांच्या नावावर विकलं गेलं, पैसे तिसऱ्यांनी मोजले आणि शिक्षा झाली ती फक्त चेहऱ्यांना. यातली खरी गोम अशी की हे एका रात्रीत घडलेलं नाही. पुरस्कार परत जाण्याच्या त्या दिवसापासून मागे मोजत गेलं, तर प्रत्येक टप्प्यावर कुणाला तरी खरं माहीत होतं आणि थांबायला भरपूर तास हाताशी होते.

सुमारे २५,३०० तास आधी: १ जानेवारी १९८८

जर्मनीत, वर्षाच्या पहिल्याच दिवशी, दोन नर्तकांनी एका करारावर सह्या केल्या. रॉब पिलाटस म्युनिकच्या एका कुटुंबात दत्तक वाढलेला. फॅब मॉर्व्हन पॅरिसचा, त्याचे आईवडील कॅरिबियनमधल्या ग्वाडलूप बेटाचे. दोघेही विशीतले, क्लबांत नाचून दिवस काढणारे. उंच, सडपातळ, खांद्यावर रुळणाऱ्या बारीक वेण्या. समोर होते निर्माते फ्रँक फॅरियन.

फॅरियन हे नाव आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नसेल, पण त्यांचा आवाज मात्र ओळखीचा आहे. सत्तरच्या दशकात ज्यांच्या कॅसेट आणि रेकॉर्डी आपल्याकडच्या लग्नाच्या मांडवांपासून कॉलेजच्या गॅदरिंगपर्यंत वाजल्या, ते ‘बोनी एम.’ फॅरियन यांनीच उभं केलं. रंगमंचावर अंगाला झटके देत नाचायचा तो बॉबी फॅरेल. रेकॉर्डवरचा तो खर्जातला पुरुषी आवाज खुद्द फॅरियन यांचा होता. म्हणजे गळा एकाचा आणि देह दुसऱ्याचा ही जुळणी त्यांनी दहा-बारा वर्षं आधीच करून पाहिली होती, ती खपली होती आणि त्यावरून आभाळही कोसळलं नव्हतं.

आता त्यांच्याकडे नवं गाणं तयार होतं. बाल्टिमोरच्या ‘नुमार्क्स’ नावाच्या गटाने १९८७ साली काढलेलं ‘गर्ल यू नो इट्स ट्रू’ त्यांनी नव्याने मुद्रित करायला घेतलं होतं. रॅप केला चार्ल्स शॉ यांनी, गायले ब्रॅड हॉवेल आणि जॉन डेव्हिस, आणि साथीच्या स्वरांत होत्या जोडी आणि लिंडा रोको या जुळ्या बहिणी. शॉ आणि डेव्हिस हे लष्करी नोकरीच्या निमित्ताने जर्मनीत येऊन राहिलेले अमेरिकन. सगळे कसलेले गायक. फॅरियन यांच्या लेखी त्यांच्यात एकच उणीव होती: ते पोस्टरवर शोभणारे नव्हते. ‘एमटीव्ही’ सुरू होऊन सहा वर्षं उलटली होती. गाणं कानाइतकंच डोळ्यांनी विकलं जात होतं, आणि कॅमेऱ्यासमोर उभं करायला तरुण अंगं हवी होती.

रॉब आणि फॅब यांना वाटलं होतं, आपण गाणार. सही झाली, उचल मिळाली, ती कपड्यांवर आणि केसांवर खर्च झाली. मग सांगण्यात आलं की गाणं तयार आहे, तुम्ही ओठ हलवा. नको असेल तर पैसे परत करा. खिसा तर रिकामा झालेला. ऊसतोडीचा मजूर किंवा वीटभट्टीवरचं कुटुंब पाहिलेल्या मराठी माणसाला उचलीचा फास कसा बसतो हे वेगळं सांगायला नको. एवढ्या एका गाण्यापुरतं करू आणि पुढे आपल्या आवाजात गाऊ, अशी समजूत दोघांनी घालून घेतली.

ती चुकीची होती, आणि त्या चुकीत त्यांचा वाटाही होताच. प्रसिद्धीची भूक दोघांनाही होती, ते त्यांनी पुढे कबूल केलं. पण त्या दिवशी टेबलाच्या कोणत्या बाजूला किती ताकद होती, हेही पाहायला हवं.

सुमारे १५,००० तास आधी: मार्च १९८९

युरोपात गाणं धडाक्यात चाललं. ‘ऑल ऑर नथिंग’ नावाचा अल्बम तिकडे आधीच आला होता. अमेरिकेत तो ‘अरिस्टा’ कंपनीने काही गाणी बदलून ‘गर्ल यू नो इट्स ट्रू’ या नावाने काढला. अरिस्टाचे प्रमुख होते क्लाइव्ह डेव्हिस, अमेरिकन संगीतधंद्यातलं फार मोठं प्रस्थ.

या टप्प्यावर एक छोटी गोष्ट घडली आणि सगळ्या प्रकरणाची मुळी तिथेच आहे. युरोपातल्या आवृत्तीवर कोण गायलं हे मोघम सोडलेलं होतं. अमेरिकेतल्या आवृत्तीच्या आतल्या कागदावर स्पष्ट छापलं गेलं: गायन, रॉब पिलाटस आणि फॅब मॉर्व्हन. मोघमपणा वेगळा आणि छापील खोटं वेगळं. तो कागद कुणीतरी लिहिला, कुणीतरी तपासला, छपाईला पाठवला. लाखो प्रतींसोबत तो घरोघर गेला. ओठ हलवण्याचं सोंग रंगमंचावर चालतं, संपतं. नाव मात्र कागदावर राहतं. जॉन डेव्हिस, ब्रॅड हॉवेल, चार्ल्स शॉ यांच्या हातून त्यांचं गाणं खऱ्या अर्थाने गेलं ते इथे.

पुढच्या काही महिन्यांत या अल्बममधली तीन गाणी अमेरिकेच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोचली, ‘गर्ल यू नो इट्स ट्रू’ दुसऱ्यावर थांबलं, अल्बमही अव्वल ठरला. खप साठ लाखांवर गेला. इतकं चालणारं नाणं कुणी घासून पाहत नाही.

खरं तर घासून पाहायला कारण होतं. दोघे मुलाखतीला बसले की त्यांचं इंग्रजी अडखळत असे, एकाच्या बोलण्यात जर्मन वळण, दुसऱ्याच्या बोलण्यात फ्रेंच. रेकॉर्डवर मात्र अस्सल अमेरिकन उच्चार. एमटीव्हीच्या लोकांनाही पहिल्या मुलाखतीतच शंका आली होती, असं पुढे त्यांच्यातल्याच मंडळींनी सांगितलं. शंका आली आणि विरली.

सुमारे ११,७०० तास आधी: २१ जुलै १९८९

शुक्रवार. कनेक्टिकट राज्यातलं ब्रिस्टल गाव, तिथलं लेक कंपाउन्स हे करमणूक उद्यान. एमटीव्हीच्या दौऱ्यातला कार्यक्रम. समोर तरुणांची गर्दी, रंगमंचावर रॉब आणि फॅब, हातात मायक्रोफोन, अंगात लय. ‘गर्ल यू नो इट्स ट्रू’ सुरू झालं.

आणि टेप अडकली. गाण्याच्या नावातलेच पहिले काही शब्द पुन्हा वाजले, पुन्हा तेच, परत तेच. ज्याने कधी रेकॉर्डवर सुई अडकलेली ऐकली आहे त्याला तो आवाज आठवेल. फरक एवढाच की इथे सुईच्या जागी जिवंत माणसं उभी होती. गाणारा माणूस अडखळला तर सावरतो, चूक गिळून पुढे जातो, क्वचित हसून सम गाठतो. टेपला सावरता येत नाही. काही क्षण दोघांनी त्या अडकलेल्या शब्दांवरही ओठ हलवले, पाय टाकले. मग रॉब वळला आणि धावत रंगमंचावरून आत गेला. कार्यक्रमाची सूत्रधार डाउनटाउन ज्यूली ब्राउन हिने त्याला समजावून परत बाहेर आणलं.

त्याच्या त्या पळण्याला इतकी वर्षं लोक हसत आले. मला त्यात एका पंचविशीच्या आतल्या मुलाची शुद्ध भीती दिसते. आता संपलं, सगळ्यांना कळलं, असं त्याला वाटलं. पण कुणाला काही कळलं नव्हतं, किंवा कळून घ्यायचं नव्हतं. गर्दी नाचत राहिली. टेप वापरणं त्या काळी अनेक नाचगाण्याच्या कार्यक्रमांत सर्रास चाले, त्यामुळे टेप अडकणं म्हणजे फसवणूक उघडी पडणं असं कुणी मानलं नाही. सुटका झाली खरी. आज मागे वळून पाहताना वाटतं, तेव्हाच बिंग फुटलं असतं तर बरं झालं असतं. तेव्हा पडले असते ते एका उद्यानातल्या मंचावरून. पुढे पडले ते फार उंचावरून.

सुमारे ८,००० तास आधी: डिसेंबर १९८९

चार्ल्स शॉ बोलले. ‘न्यूयॉर्क न्यूजडे’च्या पत्रकाराला त्यांनी सांगितलं की या अल्बमवर गाणाऱ्यांपैकी एक मी आहे आणि ते दोघे नुसते चेहरे आहेत. अमेरिकेतल्या आवृत्तीवर आपल्या जागी दुसऱ्यांची नावं पाहून त्यांचा बांध फुटला होता.

लगोलग शॉ यांनी आपलं म्हणणं मागे घेतलं. त्यासाठी फॅरियन यांनी त्यांना १,५०,००० डॉलर दिल्याचं नंतर बाहेर आलं. आपल्याकडे म्हणतात ना, अळीमिळी गुपचिळी. शॉ यांना मी दोष देत नाही. एकटा माणूस, समोर बलाढ्य निर्माता, आणि पाठीशी उभी राहणारी कुठलीही संघटना नाही. दोष द्यायचा तर तो ज्यांनी ती बातमी वाचली आणि पान उलटलं त्यांना. ग्रॅमीला अजून दोन महिने होते. रॉब आणि फॅब यांना एका स्टुडिओत बोलावून चार ओळी गायला सांगणं, एवढीच चाचणी पुरेशी होती.

सुमारे ६,५०० तास आधी: २१ फेब्रुवारी १९९०

लॉस एंजेलिस, श्राइन ऑडिटोरियम. बत्तिसावा ग्रॅमी सोहळा, सूत्रसंचालन विनोदी नट गॅरी शँडलिंग यांचं.

ग्रॅमीचं एक वेगळेपण आहे. लोकांच्या मतांवर किंवा खपाच्या आकड्यांवर तो ठरत नाही. ॲकॅडमीचे मतदार म्हणजे गायक, वादक, संगीतकार, ध्वनिमुद्रक, निर्माते अशी धंद्यातलीच माणसं. म्हणजे समव्यावसायिकांनी दिलेली दाद. ज्यांचं आयुष्य आवाज टिपण्यात गेलं, श्वास कुठे घेतला हेही ज्यांना रेकॉर्डवरून कळतं, अशा कानांनी हा निवाडा द्यायचा असतो. म्हणूनच त्या रात्रीचं अपयश साध्या फसवणुकीपेक्षा मोठं आहे.

त्या वर्षी मोठमोठी मंडळी सन्मानित झाली. बॉनी रेट यांचा ‘निक ऑफ टाइम’ वर्षातला सर्वोत्तम अल्बम ठरला. वीस वर्षं गात आलेल्या, कंपनीने मध्यंतरी वाऱ्यावर सोडलेल्या या गायिकेने त्या रात्री चार ग्रॅमी घेतले. जीवनगौरव मिळालेल्यांत माइल्स डेव्हिस आणि पॉल मॅकार्टनी होते. अशा सभागृहात मिली व्हॅनिलीची जोडी मंचावर आली आणि तिने ‘गर्ल यू नो इट्स ट्रू’ सादर केलं. तेही टेपवर. माइल्स डेव्हिस यांचा ज्या सोहळ्यात गौरव होतो, त्याच सोहळ्यात आवाज यंत्रातून येतो आहे आणि ओठ नुसते हलताहेत.

मग ‘सर्वोत्तम नवा कलाकार’. नामांकनं पाच: नेने चेरी, इंडिगो गर्ल्स, टोन लोक, सोल टू सोल आणि मिली व्हॅनिली. पुरस्कार द्यायला होते क्रिस क्रिस्टॉफरसन आणि यंग एमसी. पाकीट उघडलं, मिली व्हॅनिली हे नाव पुकारलं गेलं, दोघे उठले, मिठ्या मारल्या, मंचावर गेले, आभार मानले.

त्या क्षणी दोघांच्या मनात काय होतं, याबद्दल ते नंतर अनेकदा बोलले. भीती होती आणि धुंदीही होती. मला जास्त विचार करावासा वाटतो तो इतर चौघांचा. इंडिगो गर्ल्स म्हणजे गिटार घेऊन स्वतःची गाणी स्वतः गाणाऱ्या दोघी मैत्रिणी. सोल टू सोलने लंडनच्या क्लबांतून एक नवाच ताल जगाला दिला होता. त्यांना त्या रात्री दुसऱ्या विभागांत दाद मिळाली, ही गोष्ट वेगळी. ‘नवा कलाकार’ हा पुरस्कार मात्र आयुष्यात एकदाच दारात येतो.

आता मराठी वाचकाच्या मनात येणारी शंका. आपल्याकडे तर पडद्यावर एक आणि गळा दुसऱ्याचा हे नव्वद वर्षं चालू आहे. मग यात एवढं काय? फरक फार मोठा आहे, आणि तो आपल्याकडच्या एका गायिकेने भांडून मिळवला आहे. १९४९ च्या ‘महल’मधल्या ‘आयेगा आनेवाला’च्या रेकॉर्डवर आधी गायिका म्हणून ‘कामिनी’ असं छापलं होतं, म्हणजे मधुबालाने केलेल्या पात्राचं नाव. गायल्या होत्या लता मंगेशकर. पुढे ‘चोरी चोरी’च्या संगीताला फिल्मफेअर मिळालं. त्या सोहळ्यात ‘रसिक बलमा’ गाण्याचा आग्रह झाला तेव्हा लताबाईंनी नकार दिला. पुरस्कार संगीतकाराला आहे, गायकाला नाहीच, मग वाद्यांवरच वाजवा, असा त्यांचा सरळ मुद्दा होता. १९५९ साली फिल्मफेअरने पार्श्वगायनाचा पुरस्कार सुरू केला आणि पहिला ‘मधुमती’तल्या ‘आजा रे परदेसी’साठी त्यांनाच मिळाला.

एक मराठी बाई तेव्हा जे बोलली, ते डेव्हिस, हॉवेल आणि शॉ यांच्या बाजूने तीस वर्षांनी अमेरिकेत कुणीही बोललं नाही. पार्श्वगायन हा प्रामाणिक व्यवहार आहे, कारण श्रोत्याला माहीत असतं कोण गातंय, आणि गाणाऱ्याचं नाव कागदावर असतं. मिली व्हॅनिलीच्या बाबतीत ते नाव पुसलं होतं आणि पुसलेल्या जागी दुसरं लिहिलं होतं.

सुमारे ६,२०० तास आधी: मार्च १९९०

‘टाइम’ साप्ताहिकात जोडीवर लेख आला. त्यात रॉबच्या तोंडी असलेल्या विधानांनी खळबळ उडाली. संगीताच्या दृष्टीने आपण बॉब डिलन आणि पॉल मॅकार्टनी यांच्यापेक्षा सरस आहोत, आपण नवे एल्विस आहोत, अशा अर्थाची ती विधानं होती. आपण असं म्हटलंच नाही, असं रॉबने नंतर सांगितलं. पण बाण सुटला होता. मॅकार्टनी यांना जीवनगौरव मिळून दोन आठवडेही झाले नव्हते.

झाकली मूठ सव्वा लाखाची, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. जगाने नवा कलाकार म्हणून गौरवलं तरी पुढच्या रेकॉर्डवरही आपला आवाज नसणार, हे ठाऊक असलेला मुलगा आणखी काय करील? तो मोठ्याने बोलेल. मला ती फुशारकी आजारपणाचं लक्षण वाटते. नशेचं व्यसनही याच काळात वाढत गेलं.

मधले महिने भराभर गेले. दौरे, गर्दी, मुखपृष्ठं. शंका विचारणारे वाढत होते. फॅरियन यांच्याकडे दुसऱ्या अल्बमचं काम सुरू होतं, आणि या वेळी दोघांनी हट्ट धरला: आम्ही स्वतः गाणार. करार झाल्यापासून मनात असलेली गोष्ट आता त्यांनी अट म्हणून मांडली. फॅरियन यांना ती मान्य नव्हती.

१२० तास आधी: १४ नोव्हेंबर १९९०, बुधवार

फॅरियन यांनी स्वतःच पत्रकारांना सांगून टाकलं. दोघे रेकॉर्डवर गायलेले नाहीत, आणि आपण त्यांना काढून टाकलं आहे.

ज्याने हे सगळं रचलं, त्यानेच ते फोडलं, आणि फोडताना स्वतः बाजूला उभा राहिला. कारण काय, तर मुलांना आता खरोखर गायचं होतं. खोटं चालू ठेवायला ते तयार होते तोवर त्यांची नोकरी शाबूत होती, आणि खरं गाऊ म्हणताच ती गेली. हे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचतो आणि या प्रकरणाला विनोद म्हणणाऱ्यांचा मला राग येतो.

७२ तास आधी: १६ नोव्हेंबर १९९०, शुक्रवार

‘लॉस एंजेलिस टाइम्स’च्या अंकात रॉबची कबुली छापून आली. होय, आम्ही गायलो नाही. गेली दोन वर्षं भयाण गेली, असं तो बोलला. अमेरिकाभर बातमी पसरली. रेडिओवाल्यांनी गाणी थांबवली, टीव्हीवरच्या विनोदवीरांना आयतं खाद्य मिळालं.

अरिस्टाने हात वर केले. आम्हाला यातलं काही माहीत नव्हतं, ही कंपनीची आणि क्लाइव्ह डेव्हिस यांची भूमिका राहिली. फॅरियन यांच्या गोटातल्या लोकांनी पुढे त्याच्या नेमकं उलट सांगितलं. २०२३ साली या जोडीवर आलेल्या माहितीपटात ही उलटसुलट विधानं समोरासमोर मांडली आहेत. ज्या धंद्यात ढोलाचा एक ठोका कोणत्या स्टुडिओत वाजला याचाही हिशेब ठेवला जातो, तिथे साठ लाख खपलेल्या अल्बमवर कोण गायलं हे कुणालाच ठाऊक नव्हतं, हे पचवणं मला जड जातं.

शनिवार आणि रविवार. ॲकॅडमीचे अध्यक्ष मायकेल ग्रीन यांच्यासमोर असा पेच आधी कधी आला नव्हता. पुरस्कार चुकीच्या माणसाला गेला, पण चूक मतदारांची की अर्ज भरणाऱ्या कंपनीची? रेकॉर्ड तर खरी होती, गाणी खरी होती, आवाजही खरे होते.

० तास: १९ नोव्हेंबर १९९०, सोमवार

ॲकॅडमीने पुरस्कार काढून घेतल्याचं जाहीर केलं. तो दुसऱ्या कुणालाही दिला नाही. नेने चेरी, इंडिगो गर्ल्स, टोन लोक, सोल टू सोल, कुणालाही नाही. त्या वर्षीच्या सर्वोत्तम नव्या कलाकाराची जागा ग्रॅमीच्या नोंदीत रिकामी आहे. डेव्हिस, हॉवेल, शॉ यांना बोलावून, हा आवाज तुमचा होता का, असं ॲकॅडमीने विचारलं असतं तर काही बिघडलं नसतं.

दुसऱ्याच दिवशी लॉस एंजेलिसमध्ये पत्रकार परिषद झाली. शंभराहून जास्त पत्रकार जमले होते. रॉब आणि फॅब यांनी पुरस्कार परत देत असल्याचं सांगितलं, चाहत्यांची माफी मागितली, आणि मग प्रश्नांच्या भडिमारात उभ्याउभ्याच काही ओळी गाऊन दाखवल्या. गाता येतं हे सिद्ध करायला त्यांना अखेर मंच मिळाला तो असा. फॅरियन तिथे नव्हते, कंपनीचं कुणी नव्हतं. फटके खायला दोघेच पुढे.

पुढचं थोडक्यात. अरिस्टाने त्यांना सोडलं आणि इतका खपलेला अल्बम आपल्या यादीतून काढून टाकला. ग्राहकांनी दावे केले, आणि १९९१ च्या ऑगस्टमध्ये तडजोड मंजूर झाली: सीडीमागे ३ डॉलरपर्यंत परत. त्याच वर्षी फॅरियन यांनी खऱ्या गायकांना घेऊन ‘द रिअल मिली व्हॅनिली’ या नावाने अल्बम काढला. म्हणजे डेव्हिस आणि हॉवेल यांचे चेहरे लोकांसमोर आले, पण तेव्हा त्या नावाची किंमत मातीमोल झाली होती. रॉब आणि फॅब यांनी १९९३ साली स्वतःच्या आवाजात अल्बम केला, तो कुणी विकत घेतला नाही. व्यसन, तुरुंग, उपचार अशा फेऱ्यांत रॉब अडकला. १९९८ च्या एप्रिलमध्ये फ्रँकफुर्टजवळच्या एका हॉटेलात तो मृतावस्थेत सापडला. वय ३२. एका नव्या अल्बमची तयारी चालू होती आणि निर्माते पुन्हा फॅरियनच होते.

फॅब तगला. तो गात राहिला. २०१५ च्या सुमारास त्याने आणि जॉन डेव्हिस यांनी एकत्र कार्यक्रम करायला सुरुवात केली, चेहरा आणि आवाज एकाच मंचावर. डेव्हिस २०२१ साली कोविडने गेले. फॅरियन २०२४ च्या जानेवारीत वारले, तोवर त्यांच्या नावावर कोट्यवधी रेकॉर्डींचा खप जमा होता. ग्रॅमीने त्यांच्याकडून काही परत मागितलं नाही, कारण पुरस्कार त्यांच्या नावावर कधी नव्हताच.